ज्या शीर्षात ‘महिला’ हा शब्द नाही, तिथे आधी बघा

एका सामाजिक संस्थेच्या लेखा विभागात लागून मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा वरिष्ठांनी एक काम दिलं. अंदाजपत्रकात महिलांसाठी किती तरतूद आहे, ते काढायचं होतं. नावात ‘महिला’ असलेली खर्चाची शीर्षं मी शोधली. दोन निघाली. बेरीज करून कागद पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, “आणि उरलेला पैसा कुणावर खर्च होतो?”

जेंडर बजेटिंगच्या, म्हणजे अंदाजपत्रक स्त्री-पुरुष समतेच्या नजरेने वाचण्याच्या, या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हाच प्रश्न सांगते. सरकारी पातळीवर हे काम ऑस्ट्रेलियाने 1984 मध्ये सुरू केलं. तिथल्या अर्थतज्ज्ञ रोंडा शार्प यांनी खर्चाची तीन गटांत केलेली विभागणी संस्थांनाही उपयोगी पडते: खास स्त्रियांसाठीचा खर्च, नोकरीतल्या समान संधीसाठीचा खर्च, आणि बाकीचा सर्वसाधारण खर्च. पहिले दोन गट मिळून एकूण खर्चाचा लहानसा तुकडा असतो. माझी बेरीज पहिल्या गटातच संपली होती.

मग मी ‘प्रशिक्षण’ हे शीर्ष घेतलं. त्यात स्त्री-पुरुष असा उल्लेखच नव्हता. पावत्यांसोबतची हजेरीपत्रकं काढून नावं मोजत बसले. एक दिवसाच्या वर्गांना स्त्रिया भरपूर होत्या. तीन दिवसांच्या निवासी वर्गांना अगदी थोड्या, आणि ज्यांची मुलं लहान होती त्यांच्यातली एकही नाही. माणशी खर्च निवासी वर्गांवर कितीतरी जास्त होता, आणि बढतीच्या वेळी प्रमाणपत्रही त्याच वर्गांचं धरलं जात होतं. नियमात कुणालाही मनाई नव्हती, तरी पैसा एका बाजूला वाहत होता. खातेवही एकटी हे सांगत नाही. ती हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि रजेच्या नोंदींशेजारी ठेवून वाचावी लागते.

पगार हे बहुतेक संस्थांमधलं सर्वांत मोठं शीर्ष, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. नुसती सरासरी काढून थांबू नका. कायम आणि कंत्राटी, पूर्णवेळ आणि अर्धवेळ, प्रत्येक श्रेणी वेगळी करून पाहा. ओव्हरटाइम आणि भत्ते निराळे काढा, कारण मूळ पगार सारखा असला तरी फरक तिथे असू शकतो. एक काळजी मात्र घ्या. एखाद्या श्रेणीत दोनच स्त्रिया असतील तर तिथली सरासरी अहवालात छापू नका. त्यांचा पगार उघड होईल.

प्रसूती रजेचा हिशेब मी फार मोलाचा मानते. एका ठिकाणी बदली माणसाचा खर्च त्या-त्या विभागाच्या तरतुदीतून जायचा. विभागप्रमुखाला वाटायचं, हिच्या रजेचा भुर्दंड मला. मग बदली माणूस घ्यायचाच नाही आणि काम शेजारच्या टेबलांवर वाटून द्यायचं, हे ठरलेलं. रजेवर गेलेलीबद्दल कुरबुर व्हायची आणि पुढच्या मुलाखतीत तरुण स्त्रीकडे पाहण्याची नजर बदलायची. हे मी जवळून पाहिलं आहे आणि अजूनही त्याची चीड येते. उपाय हिशेबातच आहे: मागच्या काही वर्षांच्या रजा मोजून बदली माणसांसाठी संस्थेच्या पातळीवर एकच मध्यवर्ती तरतूद ठेवायची. वडिलांची रजा आणि घरातल्या आजारी माणसासाठीची रजाही त्यातच धरायची. मग रजा कोण घेतो याच्याशी विभागाच्या पैशाचा संबंध राहत नाही.

आता वेळेबद्दल. विभागांच्या खर्चाच्या मर्यादा ठरल्यावर समतेचा मुद्दा मांडला, तर उरलेल्या चिल्लरीतून एखादा कार्यक्रम मिळतो. अंदाजपत्रकासाठी विभागांकडून आकडे मागवणारं परिपत्रक निघण्याआधी त्याचा मसुदा तुमच्या हातात यायला हवा. त्यातल्या फॉर्मात मी दोनच रकाने वाढवायला सांगते: ‘याचा लाभ कुणाला?’ आणि ‘हे कशावरून?’ दुसऱ्याचा आग्रह सोडू नका. त्याच्याशिवाय पहिल्या रकान्यात ‘सर्वांना’ असं लिहून येतं.

टक्केवारीचा मोह इथे फार. भारताच्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2005-06 पासून जेंडर बजेटचं विवरणपत्र येतं. त्याच्या ‘ब’ भागात किमान 30 टक्के वाटा स्त्रियांसाठी असलेल्या योजना येतात. तो आकडा ऐकून संस्थाही कुठल्याही प्रकल्पापुढे 30 टक्के लिहून मोकळ्या होतात. प्रकल्पात समतेला किती स्थान आहे हे दाखवायला देणगीदार 0, 1, 2 अशा खुणा देतात, त्यांचंही तसंच होतं. त्यातला 1 म्हणजे समता हे प्रकल्पाच्या उद्दिष्टांपैकी एक आहे, एवढंच. निम्मा पैसा स्त्रियांवर गेला, असा त्याचा अर्थ नाही. आधार नसेल तर रकाना कोरा ठेवा आणि माहिती कधीपर्यंत गोळा करणार ते लिहा.

मंजूर रकमेपेक्षा प्रत्यक्ष खर्च पाहायची सवय लावा. वर्षाच्या मध्यावर काटकसरीचा आदेश आला की पाळणाघर आणि रात्री उशिरा घरी सोडणारी गाडी यांवर आधी कात्री चालते, कारण या रकमा ‘किरकोळ’मध्ये पडलेल्या असतात. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांना स्वतंत्र उपशीर्ष आणि सॉफ्टवेअरमध्ये वेगळा कोड मागून घ्या. नंतर एकेक पावती उघडून शोधणं फार जड जातं, मी ते केलं आहे.

समाजशास्त्राकडून येत असाल तर तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी) आणि ताळेबंद वाचायला शिका, नाहीतर बैठकीत कुणीही ‘तरतूद नाही’ म्हणून गप्प बसवेल. वाणिज्य शाखेतून येत असाल तर वर्षातले काही दिवस प्रकल्पावर जाऊन बसा. लेखा विभागातल्यांना विरोधक समजू नका. अनुभवी बाई नोकरी सोडून गेली की नवी भरती आणि नवं प्रशिक्षण यांवर किती खर्च होतो, तो आकडा त्यांना लगेच पटतो. मीही तो मांडते. पण समता फायद्याची आहे म्हणूनच करायची, हे मला मान्य नाही, आणि टिपणात मी दोन्ही कारणं लिहिते.

त्या निवासी वर्गांचं पुढे काय झालं? मुलं सांभाळण्याचा खर्च आम्ही ‘महिला’ शीर्षात टाकला नाही. तो ‘प्रशिक्षण’मध्येच, जागेच्या भाड्याखालच्या ओळीत घातला. पुढच्या वर्गाला तीन जणी आपल्या मुलांना घेऊन आल्या, आणि एक बापही.