गुलाबाची छाटणी: कुठे कापायचं, किती कापायचं आणि नंतर काय

वर्षभर फुलणाऱ्या गुलाबाला फूल येतं ते नव्या फुटीवर. जुन्या काड्या जपत बसलं की झाड नुसतं उंच होतं, बुडाशी उघडं पडतं आणि शेंड्याला लहान फुलं देत राहतं. म्हणून छाटणीला घाबरू नका. भीतभीत वरचे शेंडे खुडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

पाऊस सरून हवा कोरडी झाली की छाटणी करावी. जिथे थंडीत पाणी गोठतं, तिथे कडाका ओसरून काडीवरचे डोळे (नवी फूट निघते ते ठिपके) फुगेपर्यंत थांबा, नाहीतर कोवळी फूट करपते. सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार हवीच. बोथट पात्याने काडी चेंगरते आणि चेंगरलेली जागा सडते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा.

आधी मेलेल्या, काळ्या पडलेल्या काड्या काढा. मग आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक. उरलेल्यांतून चारही बाजूंना पसरणाऱ्या ४-५ जोमदार काड्या राखा. काडीला एकच मोठं फूल देणाऱ्या जातीत त्या जमिनीपासून ३० ते ४५ सेंमीवर कापा. झुपक्याने फुलणाऱ्या जातीत उंचीचा तिसरा हिस्सा काढला तरी पुरतो. वेलगुलाबाच्या मुख्य फांद्या कापू नका. त्या आडव्या बांधा म्हणजे डोळ्याडोळ्यातून फूट निघते, आणि बाजूच्या फांद्या २-३ डोळ्यांवर आणा.

खरं कसब एकेका कापात आहे. पानाच्या देठाच्या बगलेत तांबूस, किंचित फुगीर ठिपका दिसतो, तो डोळा. पान गळलं असेल तर डोळ्याखाली चंद्रकोरीसारखा वण असतो. झाडाच्या बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा निवडा आणि त्याच्या ५-६ मिमी वर तिरका काप द्या. उतार डोळ्याच्या उलट बाजूला. फार जवळ कापलं तर डोळा वाळतो, फार वर कापलं तर उरलेला खुंटा मरतो आणि तो काळेपणा खाली उतरत जातो. कापल्यावर गर बघा. पांढरा-हिरवट असेल तर ठीक. तपकिरी असेल तर स्वच्छ गर दिसेपर्यंत खाली खाली कापत जा, मनाला कितीही लागलं तरी.

जाड कापांवर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं घ्या. लोखंडाला मोरचूद खातं.

खाली पडलेली पानं तिथेच कुजू देऊ नका, काळ्या ठिपक्यांची बुरशी त्यांच्यातच टिकते. आठ-दहा दिवसांनी बुंध्यापासून वीतभर लांब माती हलकी उकरून कुजलेलं शेणखत २ किलो आणि निंबोळी पेंड १०० ग्रॅम मिसळा. १२ इंची कुंडीला दोन ओंजळी खत आणि मूठभर पेंड. पाणी मात्र जपून. पानं नसलेलं झाड कमी पाणी ओढतं, आणि छाटणीनंतरची बरीच झाडं मुळं कुजूनच जातात. बोट दोन पेरं खाली घाला, कोरडं लागलं तरच भरपूर पाणी द्या.

पाणी बुंध्याशी आणि सकाळी. पान सुमारे ७ तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची लागण होते. भुरीचं (पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीचं) वेगळं: तिला ओलं पान लागत नाही, दिवसा कोरडी ऊब, रात्री गार दमट हवा आणि दाटी एवढं पुरतं. तिथे उपाय फांद्या विरळ करण्याचा. पानं फिकट, ठिपकेदार दिसली तर पांढऱ्या कागदावर झटका. हलणारे बारीक कण दिसले तर तो लाल कोळी, पानातला रस शोषणारी कीड. दर तीन दिवसांनी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

कलमाच्या सांध्याखालून निघणारी फूट खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलंय त्याची असते. ती वरून कापली तर आणखी जोमाने फुटते. माती बाजूला करून जिथून निघाली तिथून ओरबाडून काढा.

सहा ते आठ आठवड्यांत फुलं येतात. फूल सुकलं की खालच्या पहिल्या पाच पर्णिकांच्या (एका देठावरच्या पाच छोट्या पानांच्या) पानाशी, बाहेरच्या डोळ्यावर कापा. नव्या, अशक्त झाडाचं मात्र नुसतं फूल खुडा, पानं त्याला लागतात. एखादी फूट कळी न धरता थांबली तर ती निम्म्यावर कापा. खालचा डोळा फुटून बहुतेक वेळा कळी धरतो.