क्रूझवर काय नेसायचं, आणि साध्या कपड्यांत कुठे जेवायचं

इंदूरच्या रामबागेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. लग्नसराईचं काम असतंच, पण हल्ली दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी आणखी एक प्रकारचं गिऱ्हाईक यायला लागलंय: क्रूझवर निघालेलं. कुणी मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करणार असतं, कुणी सिंगापूरहून चार रात्रींचं बुकिंग केलेलं असतं, कुणाचा मुलगा इंग्लंडात असतो आणि तो आईबाबांना साउथॅम्प्टनहून बोटीत बसवणार असतो. येतात आणि विचारतात, "ताई, फॉर्मल नाइटला काय शिवू?" मी टेप गळ्यातच ठेवते आणि उलट विचारते, "जेवणार कुठे?"

कारण ड्रेस कोड अख्ख्या जहाजाला नसतो, तो त्या-त्या जेवणघराला असतो, आणि तोही मुख्यतः संध्याकाळी सहानंतर. दिवसभर डेकवर, बुफेत, दुकानांत तुम्ही कॉटनच्या कुर्त्यात फिरा, कुणी वळूनही बघत नाही. तेव्हा आधी जेवणाची ठिकाणं ठरवा, मग बॅग भरा. उलट केलंत की वीस किलोची बॅग होते आणि त्यातले निम्मे कपडे घडीसुद्धा न मोडता घरी परत येतात.

आधी जहाज कोणतं ते बघा

कंपनीगणिक शिस्त वेगळी असते. सिंगापूरहून निघणाऱ्या मोठ्या जहाजांपैकी रॉयल कॅरिबियनवर छोट्या, तीन ते पाच रात्रींच्या फेरीत साधारण एक फॉर्मल रात्र असते, आठवडाभराच्या फेरीत दोन. त्या रात्री मेन डायनिंग रूममध्ये, म्हणजे मुख्य जेवणघरात, लोक नटून येतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तर फॉर्मलची सक्तीच काढून टाकली आहे, नटायची हौस असेल तर नटा. आपल्या कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर सूट-टायचा प्रश्न येत नाही, नीटनेटके कपडे पुरतात. हे जहाज १९९० सालचं, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडेच होतं. आजच्या महाकाय जहाजांच्या मानाने छोटं, त्यामुळे जेवणाच्या जागाही मोजक्या.

खरी कडक शिस्त क्युनार्ड कंपनीची. त्यांच्या क्वीन मेरी २ जहाजावर साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क असा सात रात्रींचा प्रवास असतो, त्यात गाला इव्हनिंग म्हणून साधारण दोन रात्री येतात. त्या रात्री पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट लागतो, आणि तो नुसता जेवणाच्या टेबलापुरता नाही, जहाजाच्या बऱ्याच बार-लाउंजमध्येसुद्धा. पण तिथेही किंग्ज कोर्ट नावाचा बुफे आहे, गोल्डन लायन हा पब आहे. नटायचा कंटाळा आला तर तिथे साध्या कपड्यांत खुशाल बसावं. म्हणजे सगळ्यात कडक जहाजावरसुद्धा साध्या माणसाची सोय केलेली आहे. ही गोष्ट एजंट सांगत नाही, मी सांगते.

एखाद्या रात्रीची थीमही असते, बहुतेक वेळा पांढऱ्या कपड्यांची. ते जहाजाच्या अॅपवर आधी कळतं, नाहीतर रोज केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर. त्यासाठी काही शिवू नका, पांढरा चिकनचा कुर्ता बॅगेत असला की झालं.

"स्मार्ट कॅज्युअल" या शब्दांनी बायका फार घाबरतात. आपल्या इंदूरच्या सानंद संस्थेच्या नाटकाला जे घालून जाता, तेच. पुरुषांना कॉलरचा शर्ट आणि फुल पँट, जीन्स चालते, पण फाटकी नको. संध्याकाळच्या डायनिंग रूममध्ये जे कुठेच चालत नाही ते असं: पोहण्याचे कपडे, अनवाणी पाय, पुरुषांचे बिनबाह्यांचे बनियन, रबरी स्लिपर. टोपीही काढावी. बुफेत यातलं बरंच खपतं, पण पोहून आल्यावर ओल्या कपड्यांनिशी खुर्चीवर बसणं तिथेही वाईट दिसतं. अंगावर काहीतरी घाला, पायांत काहीतरी घाला.

साडी न्यावी का?

न्यावीच. साडी ही कुठल्याही फॉर्मल रात्रीला पूर्ण फॉर्मल आहे, तुम्हाला गाउन शिवायची काही गरज नाही. (गाउनची शिलाई मला परवडते, तरीही सांगते.) फक्त पैठणी घरी ठेवा. जड होते, जागा खाते, आणि तिच्यावर टोमॅटो सूप सांडलं तर सगळी फेरी त्या डागाचंच कौतुक करण्यात जाते. आपल्या हाताशी महेश्वर आहे, महेश्वरी साडी न्या. रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा असल्यामुळे ती हलकी, चापून बसणारी, आणि पारंपरिक काठाची असेल तर दोन्ही बाजूंनी नेसता येते. एकच साडी दोन रात्री दोन रंगांच्या काठांनी नेसून आलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत. चंदेरीही सुंदर, पण तिला चुण्या पडतात, आणि केबिनमध्ये इस्त्री नेता येत नाही. आगीच्या भीतीने इस्त्री, मेणबत्त्या, उदबत्त्या यांना बहुतेक सगळ्या जहाजांवर बंदी असते, सुरक्षा तपासणीतच काढून घेतात. जहाजाची लाँड्री इस्त्री करून देते, पण नगाप्रमाणे पैसे घेते. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत साडी टांगली तर बऱ्याच चुण्या जातात. टांगायला लोहचुंबकाचे हुक न्या, कारण केबिनच्या भिंती बहुधा पत्र्याच्या असतात.

डेकवर वारा असतो, आणि तो पदर विचारून उडवत नाही. पदराला पिना हव्यातच, निऱ्यांनाही एक. ज्यांना सवय आहे त्यांनी नऊवारी नेसावी, जिने चढायला, वाऱ्यात चालायला तिच्यासारखं सोयीचं काही नाही, आणि फोटोही असे येतात की पलीकडच्या टेबलावरचे लोक येऊन विचारतात. उंच टाचा टाळा, जहाज हललं की माणूस दोन पावलं आडवा जातो. आणि डायनिंग रूम, थिएटर दोन्हीकडे एसी इतका थंड की इंदूरचा जानेवारी आठवावा. पातळ शाल किंवा स्टोल हातात असू द्या. ब्लाऊज बिनबाह्यांचा शिवून मागणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, मग निम्म्या जणी कोपरापर्यंत बाह्या करून घेतात.

पुरुषांचं एका वाक्यात संपतं: एक काळा किंवा गडद निळा बंदगळा. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधून टेरीवूलचं कापड घ्या, त्याला चुण्या कमी पडतात. फॉर्मल रात्री त्याच कापडाच्या पँटवर, दुसऱ्या दिवशी वेगळ्या पँटवर. टाय बांधता येत नाही म्हणून फॉर्मल रात्र टाळणारे काका या बंदगळ्याने सुटले. कुर्ता-जॅकेटही चालतो, पायांत मात्र मोजडी किंवा बूट, चपला नकोत.

इंदूर ते मुंबई विमानाने जाणार असाल तर देशांतर्गत साध्या तिकिटावर बॅगेला १५ किलोच मिळतात, हे शिवायच्या आधी लक्षात घ्या. अवंतिका एक्स्प्रेसने, म्हणजे रेल्वेने, गेलात तर तितकी काटछाट करावी लागत नाही.

आता जेवण

इंदूरच्या माणसाला क्रूझवर पहिली अडचण येते ती वेळेची. मेन डायनिंग रूममध्ये जेवणाच्या दोन पाळ्या असतात: एक साडेपाचच्या सुमारास, दुसरी आठच्या आसपास. साडेपाचला आपला संध्याकाळचा चहाही झालेला नसतो. बुकिंग करतानाच उशिराची पाळी मागा, किंवा हव्या त्या वेळी जाता येईल असा पर्याय असतो तो घ्या. बुफे रात्री साधारण नऊ-साडेनऊला आवरतो. आपला सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार तर त्यावेळी कुठे लागायला लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी बघून ठेवा, रात्री उशिरा काय उघडं असतं. रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर सोरेंटोज नावाचं पिझ्झाचं काउंटर असतं, ते तिकिटातच येतं आणि रात्री उशिरापर्यंत चालतं. मार्गारिटा मागा, वर मिरचीचे दाणे घाला. कॅफे प्रोमेनाडमध्ये सँडविच, कुकी मिळतात, तेही फुकट. रूम सर्व्हिसला मात्र बहुधा पैसे पडतात, मागवायच्या आधी विचारा.

साध्या कपड्यांत जेवायच्या जागा म्हणजे या: बुफे, पोहण्याच्या तलावाजवळचं बर्गर-फ्राइजचं काउंटर, पिझ्झा, कॅफे. या सगळ्यांत कुर्ता-लेगिंगवर, टीशर्टवर जाता येतं, फॉर्मल रात्रीसुद्धा. पैसे भरून जेवायची रेस्टॉरंट वेगळी असतात, चायनीज, इटालियन, स्टेकची. तिथे संध्याकाळी स्मार्ट कॅज्युअल लागतं. शाकाहारी माणसाने स्टेकहाउसचे पैसे का भरावेत हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

बुफेत शिरताना हात धुवायला लावतात, नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका, नळाखाली साबणाने धुवा. जहाजावर पोटाचा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो आणि त्याच्यावर सॅनिटायझर फारसं चालत नाही. मग ताट न घेता एक पूर्ण फेरी मारा. पहिल्या काउंटरवरच ताट भरलं की शेवटच्या काउंटरवरचा राजमा-भात बघून हळहळ होते. आणि चढल्या दिवशी दुपारी बुफेत अख्खं जहाज लोटलेलं असतं, त्यावेळी डायनिंग रूम उघडी असेल तर तिथे जा. नाश्त्यालाही मी तेच सांगेन. डायनिंग रूममध्ये सकाळी नटायची काही अट नसते, टेबलावर आणून देतात, रांग नाही, कोलाहल नाही. पोहे मात्र विसरा. आपल्या पोह्यांवरची शेव आणि जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) कोणत्याही समुद्रात मिळत नाही, जिरावणाची सीलबंद पुडी न्या आणि आमलेटवर, उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरा.

शाकाहाऱ्यांनी नीट वाचा

बुकिंग करतानाच शाकाहारी किंवा जैन असं लिहवून घ्या. सिंगापूरच्या जेंटिंग ड्रीम जहाजावर आणि मुंबईच्या कॉर्डेलियावर जैन जेवणाची सोय आहे, त्यामुळे इंदूरचे बरेच लोक तिकडेच वळतात. बाकी जहाजांवर चढल्या संध्याकाळी हेड वेटरला भेटा आणि उद्यासाठी भारतीय शाकाहारी हवं असं सांगा. आदल्या रात्री सांगितलं तर स्वयंपाकघरातून डाळ, भाजी, भात करून आणतात. वाढणारी मंडळी पुष्कळदा गोव्याची, केरळची असतात, हिंदीतच बोला. जेवण डायनिंग रूममध्येच येतं, बुफेत नाही, म्हणजे या सोयीसाठी संध्याकाळी नीट कपडे घालावे लागतात. हा हिशोब बॅग भरताना धरा.

नुसतं "व्हेज" म्हणणं पुरेसं नाही. अंडं नको असेल तर वेगळं सांगा, केक आणि ताज्या पास्त्यात अंडं असू शकतं. जेली, मूस, पुडिंगात बऱ्याचदा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात. सिंगापूरकडच्या जहाजांवर हिरव्या भाज्या दिसायला निष्पाप, पण ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस घातलेल्या असतात. सूप भाजीचं असलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं. प्रत्येक वेळी विचारायचा संकोच वाटला तर कागदावर इंग्रजीत लिहून न्या आणि दाखवा.

चहा म्हणजे गरम पाणी आणि पिशवी. आल्या-वेलचीच्या तयार चहाची सीलबंद पाकिटं न्या, बुफेत गरम पाणी मिळतं. घरी केलेले लाडू-चिवडा बऱ्याच कंपन्या चढू देत नाहीत, कंपनीने सील केलेली पाकिटं तरी चालतात का, ते तिकिटावरच्या नियमांत बघा. आणि दिवाळीनंतर निघालेल्यांसाठी खास: अनारसे नेऊ नका. सिंगापूर आणि दुबई दोन्हीकडे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. आजीने प्रेमाने दिलेल्या डब्यावरून विमानतळावर अडकायचं नसेल तर अनारसे इंदुरातच संपवा.

चढताना आणि उतरताना

मोठी बॅग तुम्ही धक्क्यावरच देता, ती केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येते. तोवर पोहायचं असेल तर पोहण्याचे कपडे, आणि औषधं, कागदपत्रं, एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. पहिली रात्र बहुतेक ठिकाणी साधीच असते, कारण बऱ्याच जणांच्या बॅगा उशिरा पोचतात.

शेवटच्या रात्री उलटं. झोपायच्या आधी बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, रात्रीतून त्या खाली नेतात आणि थेट धक्क्यावर मिळतात. उत्साहाने सगळं भरून बाहेर ठेवलेल्या एका वहिनींना सकाळी नाश्त्याला झोपायच्या गाउनवर शाल घेऊन जावं लागलं. बॅगेची चेन लावण्याआधी सकाळचा एक पूर्ण जोड, आतले कपडे आणि चपलांसकट, पलंगावर काढून ठेवा. स्वतः हातात धरून बॅगा उतरवायचा पर्यायही बहुधा असतो. बॅग छोटी असेल तर तोच घ्या, म्हणजे ही भानगडच राहत नाही.