आखाजी ते मृग : डुकरांचं खाणं कसं सांभाळायचं

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की जळगाव, भुसावळ, धुळे पट्ट्यात पारा ४२-४३ च्या खाली यायचं नाव घेत नाही. वराहपालकांची या दिवसांत ठरलेली तक्रार असते : डुकरं खात नाहीत, वजन थांबलंय. मग कोणी खाद्यावर गूळपाणी शिंपडतो, कोणी टॉनिकची बाटली आणतो. दोन्हीवर पैसे घालवू नका. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते आपणहून खाणं कमी करतं. मोठ्या डुकराला २०-२२ अंश तापमान मानवतं, २५ च्या वर खाणं घटायला लागतं. आपल्याकडे तर रात्रीसुद्धा तेवढा गारवा नसतो. तेव्हा जेवढं खाईल तेवढ्यात पोषण कसं बसेल आणि ते पचताना अंग कमी कसं तापेल, एवढंच बघायचं.

सगळ्यात आधी वेळ बदला, याला खर्च काही नाही. खाल्ल्यानंतर काही तास अंगातली उष्णता वाढलेली राहते. सकाळी दहाला घातलेलं खाद्य भर दुपारीच तापतं. पहाटे पाच-साडेपाचला एकदा आणि रात्री आठ-नऊनंतर एकदा घाला. मोठा वाटा रात्रीचा ठेवा. ओलं करून दिलं तर जास्त खातात, पण तासाभरात संपेल एवढंच कालवा. मे महिन्यात उरलेलं आंबायला वेळ लागत नाही, आणि तेच पुढे हगवणीचं कारण होतं.

मग खाद्यातला कोंडा कमी करा. चोथ्याचं खाद्य पचताना उष्णता जास्त निघते, तेलातून सगळ्यात कमी. गरजेपेक्षा जास्त प्रथिनंही तापदायकच, कारण जादा नायट्रोजन शरीराला बाहेर टाकावा लागतो. म्हणून हल्ली पेंड थोडी कमी करून लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, वेगळं घालतात. मक्यात लायसिनच कमी असतं आणि वाढ तिथेच अडते. ३० ते ६० किलोच्या डुकरांसाठी साधारण १०० किलोचं मिश्रण असं बसतं : मक्याचा भरडा ७० किलो, सोया पेंड २० किलो, गव्हाचा कोंडा ५ किलो, खाद्यतेल २ किलो, डुकरांसाठीचं खनिज मिश्रण २ किलो, मीठ ४०० ग्रॅम, लायसिन २५० ग्रॅम. खनिज मिश्रणात मीठ आधीच असेल तर वरचं वगळा. गाभण मादीला कोंडा थोडा जास्त चालतो, नाहीतर बद्धकोष्ठ होतं.

मका बारीक दळला जातोय ना, हे गिरणीवाल्यावर सोडू नका. शेणात पिवळे दाणे दिसले तर तेवढे पैसे मातीत गेले समजा. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत भरड्याचा कण १०० मायक्रॉनने (मिलिमीटरच्या दहाव्या भागाने) बारीक केला की खाद्याचा उपयोग साधारण एका टक्क्याने सुधारलेला दिसला. अगदी पिठासारखाही नको, त्याने जठरात व्रण होतात.

आता ढेपेचं. कापसाच्या मुलखात सरकी ढेप प्रत्येक गोठ्यात असते, आणि म्हशीसमोरची उचलून डुकराला टाकायचा मोह होतो. टाकू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. म्हशीच्या कोठीपोटात ते बरंचसं निकामी होतं. डुकराला तसं पोट नाही. ते अंगात साठत जातं, हृदय निकामी करतं, आणि आठवड्यांनी डुक्कर धापा टाकायला लागतं किंवा उभ्या उभ्या पडतं. मे महिन्यात असं झालं की सगळे ऊन लागलं म्हणून मोकळे होतात. डुकराच्या एकूण खाद्यात मोकळं, म्हणजे कशाला बांधलं न गेलेलं, गॉसिपॉल १०० पीपीएमच्या (दहा लाखात शंभर भागांच्या) वर जाता कामा नये, पण आपल्या गोणीतल्या ढेपेत ते किती आहे हे तपासल्याशिवाय कळणार कसं? हिराकस (फेरस सल्फेट) घालून ते बांधता येतं हे खरं, तरी अंदाजपंचे हा उद्योग करू नये. युरिया घातलेलं जनावरांचं पशुखाद्यही दूरच ठेवा. डुकराला त्या नायट्रोजनचा उपयोग नाही.

केळी मात्र द्या, हिशोबाने. रावेर-यावल भागात मे-जूनच्या वादळात बागा आडव्या होतात आणि घड फुकट मिळतात. हिरवी केळी तुरट, डुकरं ती कमी खातात. सावलीत पिकू द्या. पिकलेल्या केळ्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी आणि प्रथिनं जेमतेम एक टक्का. ४ किलो केळी म्हणजे साधारण १ किलो मका. तेवढा मका कमी करा, सोया पेंड आणि खनिज मिश्रण मात्र आहे तेवढंच ठेवा. इथेच बहुतेकांचं चुकतं : केळी मिळाली की पेंड बंद, आणि डुक्कर नुसतं पोट सुटलेलं दिसतं. पिलं पाजणाऱ्या मादीला केळ्यांनी पोट भरवू नका. तिला २ किलो खाद्य आणि वर प्रत्येक पिलामागे अर्धा किलो एवढी गरज असते. केळ्यांच्या पाण्याने पोट भरलं तर ते खाद्य आत जाणार कुठे?

पाण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष हवं. दुपारी दोनला पाण्याच्या निप्पलखाली (डुक्कर तोंडाने दाबून पितं ती तोटी) हात धरून बघा. पत्र्यावरून आलेल्या काळ्या पाइपातलं पाणी चटका देत असेल तर डुक्कर ते पिणार नाही. पाइप गोणपाटात गुंडाळा किंवा जमिनीत गाडा. मग एक लिटरची बाटली लावा. वाढत्या डुकरांच्या निप्पलखाली ती मिनिटात भरली पाहिजे, पाजणाऱ्या मादीच्या अर्ध्या मिनिटात. पाजणारी मादी दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पिते. लाइट नसल्याने टाकी दिवसभर कोरडी राहिली, तर वीज आल्यावर एकदम पाणी सोडू नका. तहानलेल्या डुकराच्या अंगात मीठ चढलेलं असतं. अचानक भरपूर पाणी मिळालं की मेंदूला सूज येते, कुत्र्यासारखं बसून मागे झटके देतं. थोडं थोडं, अर्ध्या-अर्ध्या तासाने पाजा, आणि झटके दिसले तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

हॉटेलचं उरलेलं खाद्य आणत असाल तर त्यातलं लोणचं-पापडाचं मीठ याच कारणासाठी धोक्याचं. त्यात डुकराचं मांस आलं असेल तर आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा धोका वेगळाच. २०२० मध्ये हा रोग ईशान्य भारतात पहिल्यांदा आढळला आणि त्यावर औषध नाही. असं खाद्य ९० अंशांवर किमान तासभर, ढवळत शिजवल्याशिवाय घालू नका. लग्नसराईत एवढं इंधन आणि वेळ कोणाकडे असतो? नसेल तर ते आणूच नये.

मृग लागण्याआधी साठवणीचा मका उन्हात दाखवून घ्या, ओलावा १३ टक्क्यांच्या आत हवा. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर अजून वाळवा. बुरशी आलेला मका माद्यांना घातला तर माजाचं चक्र बिघडतं, लहान माद्यांची योनी सुजलेली दिसते. असा मका निवडून-धुऊन वापरायच्या भानगडीत न पडता बाजूला काढा.