साठीनंतर नुसतं चालणं पुरत नाही: खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम

रोज न चुकता बागेत फेऱ्या मारणाऱ्या आजींनाही सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. चालण्याने दम वाढतो, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. मांड्यांच्या ताकदीला मात्र ते कमी पडतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाशिवाय, आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही सांगितले आहेत.

चार पायांची, साधारण १७ इंच उंचीची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हलकी प्लास्टिकची खुर्ची नको, ती सरकते. पायमोजे काढा.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलांत खांद्यांपेक्षा थोडं कमी अंतर, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे, हात छातीवर. नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत कमरेतून पुढे वाका, मग टाचा जमिनीत दाबत, श्वास सोडत उठा. बसताना मनात तीन आकडे मोजा.

सगळं बिघडतं ते इथेच. बरेच जण धपकन बसतात. हळू खाली येताना मांड्या शरीराचा भार पेलतात. ते टाळलं तर अर्धा व्यायाम वाया जातो. पाय पुढे राहिले तर झोका घेतल्याशिवाय उठताच येत नाही. गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका, आणि श्वास कोंडू नका, त्याने रक्तदाब चढतो.

आठ-दहा वेळा करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा तेवढंच. एक दिवसाआड. जमत नसेल तर बैठकीवर घडी केलेली गोधडी ठेवा. उंची तीन-चार इंच वाढली की गुडघ्यांवरचा ताण लगेच कमी होतो. बारा-बारा सहज जमू लागले की गोधडी काढा, पुढे छातीशी पाण्याची एक लिटरची बाटली धरा.

मांड्या दोन दिवस दुखल्या तर चालेल. गुडघा सुजला तर थांबा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच डॉक्टरांकडे. सांधा बदललेला असेल तर आधी विचारूनच सुरुवात करा.

तोलासाठी स्वयंपाकघराचा ओटा उत्तम. हात टेकवून दहा वेळा टाचा उचला, मग एकेका पायावर दहा सेकंद उभे राहा.

पाटावर जेवायला बसणं-उठणं हा पूर्वी आपोआप घडणारा व्यायाम होता. टेबल आल्यावर तो गेला. त्यामुळे चाळिशीतल्यांनीही आतापासूनच हे करावं.

महिन्यातून एकदा, हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता आलं ते मोजून कॅलेंडरवर लिहा. ६५ ते ६९ वयात बायकांचा आकडा ११ च्या आणि पुरुषांचा १२ च्या खाली असेल, तर पडण्याचा धोका जास्त समजतात.