जुन्या लढाऊ विमानांचं खाजगी यार्ड बघायला जाताय? मग जरा असं बघा

खूप जण असं यार्ड बघायला जातात आणि अर्ध्या तासात बाहेर येतात. पंखाखाली उभं राहून दोन फोटो, कॉकपिटमध्ये डोकावून एक फोटो, झालं, आणि मग सांगतात की सगळी विमानं गंजलेली होती, बघण्यासारखं काही नव्हतं. मला याचं खरंच वाईट वाटतं. म्युझियममधलं विमान बहुतेक वेळा नव्याने रंगवलेलं, पुसून दोरीपलीकडे ठेवलेलं असतं, तिथे विमानाचा आकार कळतो. यार्डातल्या विमानाच्या अंगावर बऱ्याचदा सर्व्हिसमधून निघालं त्या दिवसाचा रंग, ठिगळं, मेकॅनिकच्या खुणा तशाच राहिलेल्या असतात. एकदा रंगाचा हात फिरला की हे सगळं कायमचं गेलं. म्हणून जोवर आहे तोवर नीट बघून घ्या.

जायच्या आधी मालकाला विचारा, आणि नुसतं "येऊ का" असं नाही, किती वेळ थांबणार, फोटो काढणार का, ते सगळं सांगा. यार्ड म्हणजे कुणाचं तरी अंगण असतं हे विसरू नका. पोचल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको, "पहिलं विमान कुठलं आणलं आणि कसं आणलं" हे विचारा, माणूस लगेच खुलतो. कारण विमान विकत घेण्यापेक्षा ते घरी आणणं जास्त अवघड असतं. अमेरिकेत ओहायोतल्या न्यूबरीला वॉल्टर सोप्लाटा नावाचा एक सुतारकाम करणारा माणूस होता, त्याने १९४७ पासून स्वतःच्या जागेत भंगारात निघालेली लष्करी विमानं आणि इंजिनं जमवली, तुकडे करून, रस्त्याने ओढत, झाडांमध्ये नेऊन ठेवली. लोकांना तो कचरा वाटायचा. त्याच जागेत एक्सपी-८२ ट्विन मस्टँग या दोन धडं जोडलेल्या लढाऊ विमानाचा सांगाडा पडून होता, पुढे दुसऱ्या एकाने तो घेऊन कितीतरी वर्षं खपून दुरुस्त केला आणि २०१९ मध्ये ते विमान अमेरिकेतल्याच ओशकोशच्या विमानांच्या मेळाव्यात होतं. सोप्लाटा २०१० मध्येच गेला होता. तेव्हा गवतात पडलेला तुकडा बघून नाक मुरडू नका एवढंच सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी अजिबात घाई करणार नाही. कॉकपिटमध्ये परवानगीशिवाय बसायचं नाही, आणि परवानगी असली तरी आधी मालकाला स्पष्ट विचारायचं की सीटमधली काडतुसं काढली आहेत का. इजेक्शन सीट म्हणजे खरोखरच स्फोटकाच्या दारूवर उडणारी खुर्ची आहे. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं हँडल, जुन्या सीटवर बऱ्याचदा एक डोक्यावर आणि एक दोन मांड्यांच्या मधे, ते ओढलं की काडतूस पेटतं आणि माणूस सीटसकट बाहेर फेकला जातो, आणि जमिनीवर उभ्या विमानात अशाने माणसं मेलेली आहेत. विमान चाळीस वर्षं उभं आहे म्हणून दारू मेली असेल असं कधीच धरून चालू नका, जुनी दारू उलट बेभरवशाची असते. लाल फीत लावलेल्या सेफ्टी पिना दिसल्या म्हणजे सगळं ठीक असंही नाही, पिन म्हणजे फक्त अडसर, काडतूस आत आहे की नाही ते पिन सांगत नाही. मी एका यार्डात गेलो होतो तिथले मालक आजोबा प्रत्येक सीटची काढलेली, रिकामी केलेली काडतुसं एका लाकडी पेटीत विमानाचा नंबर लिहून ठेवायचे आणि पेटी दाखवल्याशिवाय कुणालाही शिडीवर पाय ठेवू द्यायचे नाहीत. अशा मालकावर विश्वास ठेवावा. जो हसून "काही होत नाही हो" म्हणतो त्याच्याकडे बाहेरूनच बघा.

कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, काचेत नागमोडी जाडसर रेघ दिसली तर ती शोभेची नाही, ती काच फोडणारी स्फोटक दोरी असते, तिलाही हात नको.

दुसरी गोष्ट डायल. जुन्या विमानांच्या घड्याळांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा रंग वापरायचे. आता ते चमकत नाहीत म्हणून लोकांना वाटतं रेडियम संपलं, पण संपलेली असते ती त्यातली चमकणारी पूड, रेडियमला निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. काच शाबूत असेल तर लांबून बघायला हरकत नाही. काच फुटलेली असेल, आकडे तपकिरी होऊन पोपडे निघत असतील तर तिथे बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, कारण ती धूळ पोटात किंवा छातीत गेली की खरा त्रास. फिरून झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, पोरं बरोबर असतील तर जास्तच.

चालताना पुढे झाकण असलेली टोपी घालू नका, डोक्यावरचा पंख दिसत नाही आणि कडा थेट कपाळात बसते. एफ-१०४ स्टारफायटरच्या पंखाची पुढची कड तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ, सर्व्हिसमध्ये असताना जमिनीवर तिला मुद्दाम कव्हर घालायचे. आणि कुठल्याही विमानाला लटकू नका, शेपटीवर चढू नका. इंजिन काढलेलं असतं, नाकातलं रडार काढलेलं असतं, तोल कुठे गेलाय ते तुम्हाला माहीत नसतं. शेपटीखाली टेकू दिला असेल तर समजा की विमान मागे बसायला टपलंय.

एवढं सांभाळलंत की मग खरी मजा.

आधी लांबून ओळखायला शिका. मिग-१५ आणि मिग-१७ शेजारी शेजारी उभी असली की नवीन माणूस हमखास चुकतो, तेव्हा पंखावर उभ्या बसवलेल्या पट्ट्या मोजा, प्रत्येक पंखावर दोन असतील तर १५, तीन असतील तर १७. नाकाच्या तोंडातच मधोमध टोकदार शंकू असेल आणि पंख त्रिकोणी असतील तर मिग-२१ असायची शक्यता दांडगी, ही दहा हजारांवर बनली त्यामुळे यार्डांत सापडते. हवा घेणारी तोंडं दोन्ही बाजूंना आणि त्यात अर्धा शंकू, पंख त्रिकोणी पण मागे आडवी छोटी शेपूट नाही, तर मिराज-३ च्या घराण्यातलं. फ्रान्समध्ये साव्हिन्यी-ले-बोनच्या गढीच्या आवारात मिशेल पाँ यांनी अशी कितीतरी जेट विमानं जमवलेली आहेत, तिथे रशियन आणि फ्रेंच बनावट एकाच फेरीत ताडून बघता येते.

मग जवळ या. पॅनलच्या, म्हणजे विमानाच्या अंगावरच्या सुट्या होणाऱ्या पत्र्याच्या झाकणांच्या, आतल्या कडेला कोरलेले किंवा रंगाने लिहिलेले आकडे शोधा. खूप विमानांत पॅनल त्या त्या विमानाला हाताने घासून बसवलेलं असायचं, दुसऱ्याला लावलं तर स्क्रूची भोकं जुळत नाहीत, म्हणून पॅनलवर विमानाचा नंबर टाकायचे. चार पॅनलवर चार वेगळे नंबर दिसले की समजायचं, हे विमान अनेकांच्या अवयवांवर उभं आहे. त्याने किंमत कमी होत नाही, गोष्ट वाढते.

रंग तिरक्या उन्हात बघा, सकाळी किंवा संध्याकाळी. बाजूला उभं राहून पत्र्याला डोळा समांतर धरला की झाकलेले जुने आकडे, दुसऱ्या हवाई दलाची गोल खूण वरच्या रंगातून वर येते. मी एकदा राखाडी रंगाच्या एका हंटरला, म्हणजे जुन्या ब्रिटिश लढाऊ जेटला, असाच अर्धा तास चिकटलो होतो. नाकाखाली जिथे ३० मिलिमीटरच्या चार तोफांचं खोकं एकसंध खाली उतरवायचे, तिथल्या दाराच्या कडेला रंग घासला जाऊन थर उघडे पडले होते, राखाडी, त्याखाली हिरवा, त्याखाली अजून एक फिकट राखाडी, मग पिवळसर हिरवा प्रायमर आणि शेवटी उघडा पत्रा. नखाएवढ्या जागेत सगळी नोकरी. आणि चाक आत जातं त्या पोकळीत, वरच्या बाजूला, पेन्सिलने एक तारीख आणि दोन अक्षरं लिहिलेली. कुणीतरी पाठीवर झोपून लिहिलं असणार, दुसरी पद्धतच नाही तिथे पोचायची. अशा ठिकाणी आधी टॉर्च मारा, गांधीलमाशा आणि साप दोघांनाही ही जागा आवडते.

गंजाकडेही बघायला शिका. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही, पांढरी पूड धरतं, आणि जाड भागांत आतून फुगतं, भिजलेल्या वहीची पानं फुगावीत तसे पापुद्रे सुटतात. लोखंडी बोल्टच्या भोवती हे जास्त, दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. चाकांच्या रिमा बऱ्याच वेळा मॅग्नेशियमच्या असतात, तिथे हौसेने ग्राइंडर लावायला जाऊ नका, ती भुकटी पेटली तर पाण्याने आग आणखी भडकते. कॅनोपी शर्टाने पुसू नका, धुळीने चरे पडतात, मालक म्हणाले तर भरपूर पाणी ओतून मऊ सुती फडकं फिरवा, काच पुसायचं अमोनियावालं औषध तर नकोच, त्याने बारीक तडे जातात.

फोटो काढताना अख्खं विमान एकदा घ्या आणि बाकी सगळे फोटो बारीकसारीक गोष्टींचे घ्या, नंबरप्लेट, स्टेन्सिल, ठिगळं, शेजारी पट्टी ठेवून. जागेचा पत्ता ऑनलाइन टाकू नका, सुटे भाग चोरणारे असतात आणि एक घड्याळ उपटायला ते अख्खा डॅशबोर्ड फाडतात. खाली पडलेला रिवेटसुद्धा खिशात घालू नका, उचलून मालकाच्या हातात द्या.

जमलं तर एकदा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. विमानाच्या पोटाला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात, ती पानांनी, पक्ष्यांच्या घरट्यांनी बुजतात आणि पाणी आत साठून पत्रा आतून खात राहतं, बाहेरून काही कळत नाही. पोटाखाली वाकून बघा, शेजारची विमानं कोरडी आणि एकाच्या सांध्यातून अजून थेंब थेंब गळतंय असं दिसलं तर मालकाला हाक मारा, तारेचा एक तुकडा मागून घ्या आणि दोघं मिळून ते भोक मोकळं करा.