मराठेशाहीतल्या गादीचा वंशक्रम लावताना गोंधळ कसा टाळायचा

बरेच जण वंशावळ समोर घेऊन बाप-मुलगा-नातू अशी रेघ ओढत सुटतात आणि तिथंच गंडतात. रक्त वेगळं, पद वेगळं. पेशवेपदच घ्या ना, मोरोपंत पिंगळेही पेशवेच होते, भट घराण्याकडे ते आलं १७१३ ला बाळाजी विश्वनाथांपासून, आणि पुढं ते घराण्यातच राहिलं तरी वस्त्रं (म्हणजे पदावर नेमल्याची मानाची वस्त्रं) मात्र छत्रपतींकडूनच यायची. म्हणून तक्त्यात पहिला कॉलम 'वस्त्रं किंवा सनद कोणी दिली, कधी' हाच ठेवा, नातं नंतर लिहा.

असं केलं की अवघड जागाही सुटते. १७७२ ला माधवराव पेशवे गेले, मूलबाळ नाही म्हणून भाऊ नारायणराव, १७७३ ला त्यांचा खून, मग काका रघुनाथराव, आणि १७७४ ला नारायणरावांचं अवघ्या ४० दिवसांचं बाळ, म्हणजे सवाई माधवराव! वंशावळीत हे वरखाली उड्या मारल्यासारखं दिसतं, वस्त्रांच्या क्रमात एकदम सरळ.

आता दत्तक. इथं नावच बदलतं, त्यामुळे जन्मनाव, जन्मघराणं आणि दत्तकनाव तिन्ही लिहायचं म्हणजे लिहायचंच. कवळाणे गावचा गोपाळ १८७५ ला बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला, तो बडोद्याचा सयाजीराव. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ ला कोल्हापूरचे शाहू झाले. साताऱ्याचे शाहू त्यांच्या पावणेदोनशे वर्षं आधीचे, तरी लोक खुशाल एकत्र करतात (मीपण एकदा केलंय, असो). तेव्हा नावाआधी गादी लिहायची सवय लावा.

आणि दत्तक घेतला म्हणजे गादी मिळाली असं अजिबात धरू नका, मान्यता कोणी दिली ते बघा. साताऱ्याच्या शहाजीराजांनी १८४८ ला मरण्याआधी रीतसर दत्तक घेतला होता, गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मानला नाही, संस्थान खालसा. दुसऱ्या बाजीरावांच्या बाबतीतही तेच, १८५१ ला ते गेले तेव्हा दत्तक नानासाहेब होते, पण वर्षाची ८ लाखांची पेन्शन ईस्ट इंडिया कंपनीने बंद केली. अशा ठिकाणी तक्त्यात दोन ओळी करा, एक घराण्याच्या दृष्टीने वारस आणि एक सरकारने मानलेला.

१९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने माजी संस्थानिकांची सरकारी मान्यता आणि तनखे दोन्ही गेले, त्यामुळे त्यानंतरची नावं फक्त घराण्याच्या ओळीत जातील, दुसरी ओळ रिकामी सोडा.