घरी गाडी धुताना रंगावर चरे पडू नयेत म्हणून

गाडी उन्हात असताना बोनेटकडे तिरकं पाहिलं की बारीक, गोलसर रेघांचं जाळं दिसतं. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर ते लगेच डोळ्यांत भरतं. या रेघा रस्त्यावर क्वचितच पडतात. त्या पडतात गाडी पुसताना आणि धुताना.

रंगाच्या वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. बहुतेक गाड्यांवर तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या जवळपास निम्मा. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. फडक्याखाली असा एक कण घासला गेला की चरा उमटलाच. पॉलिशनं चरे निघतात हे खरं, पण पॉलिश म्हणजे तोच थर थोडा झिजवणं, त्यामुळे ते पुनःपुन्हा करता येत नाही. हात लावण्याआधी जमेल तितकी घाण पाण्यानं उतरवायची आणि उरलेली रगडायची नाही, उचलून घ्यायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबानं आहेत.

आणि हो, रोज सकाळी कोरड्या गाडीवर कोरडा फडका फिरवण्याची सवय असेल तर ती आधी सोडा. महिनाभर धुळकट राहिलेल्या गाडीपेक्षा रोज अशी पुसलेली गाडी जास्त खराब होते.

काय हवं

१५ ते २० लिटरच्या दोन बादल्या, चाकांसाठी तिसरी छोटी बादली, मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा, चाकांसाठी वेगळा ब्रश आणि फडका, गाडीचा पीएच न्यूट्रल (आम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा) शाम्पू, आणि वाळवायला मायक्रोफायबरचे दोन मोठे टॉवेल. बादलीच्या तळाशी बसणारी जाळी मिळाली तर जरूर घ्या. कण तिच्याखाली बसतात आणि हातमोजा बुडवला तरी वर येत नाहीत.

स्पंज टाळा. त्याच्या सपाट पृष्ठभागावर अडकलेला कण स्पंज आणि रंग यांच्या मधोमध राहतो. हातमोज्याच्या लांब धाग्यांमध्ये तो आत सरकतो. भांड्यांच्या लिक्विडनं रंग विरघळत नाही, पण वरचं वॅक्स, म्हणजे रंगावर लावलेला संरक्षक थर, निघून जातं. कपड्यांची पावडर मात्र वापरूच नका. ती जास्त अल्कधर्मी असते, आणि न विरघळलेले दाणे राहिले तर तेही घासले जातात.

शाम्पू किती घालायचा ते बाटलीवर वाचा. जास्त घातला तर गाडी जास्त स्वच्छ होत नाही, फक्त खळबळायला पाणी जास्त लागतं.

वेळ आणि जागा

सावली हवी आणि पत्रा गार हवा. बोनेटवर तळहात ठेवून पाहा, कोमट लागलं तरी थांबा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू धुवायच्या आत सुकतो आणि पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग बसतात. सकाळी, इंजिन सुरू करण्याआधीची वेळ सगळ्यांत सोयीची.

आधी चाकं

चाकांवर ब्रेकची धूळ असते आणि तिच्यात लोखंडाचे कण असतात. शेवटी चाकं धुतली तर ही घाण स्वच्छ केलेल्या दारांवर उडते, शिवाय तोवर बाकीची गाडी सुकत बसते. ब्रेक गार आहेत ना ते पाहून, एकेक चाक धुऊन लगेच खळबळून टाका. या बादलीतलं पाणी आणि हा ब्रश बॉडीच्या जवळपासही आणायचा नाही.

मग नुसतं पाणी

छतापासून खाली, चाकांवरच्या कमानींच्या आतून, दारांच्या खालच्या पट्टीवर, सगळीकडे निवांत पाणी मारा. तीन-चार मिनिटं इथे गेली तर ती वाया जात नाहीत, कारण इथे उतरलेला प्रत्येक कण पुढे हाताखाली येत नाही. वाळलेला चिखल असेल तर भिजवा, थांबा, पुन्हा पाणी मारा. नखानं किंवा बोटानं खरवडू नका.

प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखी धार देणारा २५ किंवा ४० अंशांचा नोझल लावा आणि किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. शून्य अंशाचा, टोकदार धारेचा नोझल रंगासाठी नाहीच. जिथे खडी लागून टवका उडालाय, स्टिकर आहे किंवा रंग आधी दुरुस्त केलाय तिथे धार तिरकी मारली तर कडा उचलली जाते. रबरी सीलवरही जवळून मारू नका.

फोम मारायची सोय असेल तर मारा, पाचेक मिनिटं ठेवा, पण सुकू देऊ नका. फोममुळे धूळ सैल होते. रंगाला चिकटून बसलेला पातळ थर मात्र हातमोज्यानंच निघतो, फोम कितीही दाट दिसला तरी.

दोन बादल्यांचं काम

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवा आणि छतापासून सुरुवात करा. दाब द्यायचा नाही, हातमोज्याचं स्वतःचं वजन पुरतं. अर्धं बोनेट किंवा एका दाराचा वरचा भाग झाला की हातमोजा उलटा, दुसरी बाजू वापरा. मग तो साध्या पाण्यात जाळीवर तीन-चार वेळा घासा, पिळा, आणि तेव्हाच पुन्हा शाम्पूत घाला. एक-दोन पॅनल झाले की साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी बघा. खाली बसलेली ती करडी रेती एकाच बादलीत काम केलं असतं तर पुन्हा बोनेटवर फिरली असती. पाणी गढूळ झालं की बदला.

क्रम असा: छत, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग. मग दारांचा खालचा भाग, बंपर आणि सगळ्यांत शेवटी खालची पट्टी. कंबरेखालचा भाग सर्वांत मळलेला असतो, त्यामुळे तिथे गेलेला हातमोजा परत वर न्यायचा नाही.

हात सरळ रेषेत फिरवा. त्यानं चरे कमी पडतात असं नाही, पण चुकून पडलाच तर सरळ चरा फार कमी कोनांतून दिसतो.

हातमोजा जमिनीवर पडला तर तो बाजूला ठेवा आणि दुसरा घ्या. खळबळून पुन्हा वापरायचा मोह होतो, पण धाग्यांत रुतलेली वाळू एका बुडीत निघत नाही.

प्रत्येक बाजू झाली की पाणी मारत राहा, शाम्पू अंगावर वाळायला नको. शेवटचं पाणी नोझल काढून, उघड्या पाइपनं, वरून संथ सोडा. पाण्याचा सलग पडदा घसरून जातो आणि पुसायला कमी थेंब उरतात.

वाळवणं

आपोआप वाळू दिलं की डाग राहतात. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार उरतात, आणि उन्हात हे डाग पक्के होतात.

टॉवेल पसरून पत्र्यावर ठेवा, दोन टोकं धरून हलकेच स्वतःकडे ओढा. उभ्या बाजूंवर टिपून घ्या. काचेचं पाणी ओढायचं रबर बॉडीवर वापरू नका. त्याच्या कडेला एक कण अडकला तरी पूर्ण बोनेटभर एकच लांब रेघ ओढली जाते. आरसे, नंबरप्लेट आणि इंधनाच्या झाकणाच्या फटींतून पाणी नंतरही झिरपतं, तिथे शेवटी एकदा फिरा.

मग गाडी थोडी चालवून दोन-चार वेळा हलका ब्रेक लावा, म्हणजे डिस्क सुकतात. नाही केलं तरी वर येणारा तांबूस गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो.

विष्ठा, किडे, डांबर

पक्ष्यांची विष्ठा धुण्याच्या दिवसाची वाट पाहत नाही. उन्हात काही तासांतच तिचा ठसा क्लिअर कोटमध्ये उतरू शकतो. ओला फडका तिच्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मऊ झाल्यावर उचलून घ्या, घासू नका. चिकटलेल्या किड्यांनाही तेच. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर लागतो, आणि त्यानं त्या जागेचं वॅक्सही जातं, म्हणून तिथे पुन्हा वॅक्स लावा. मॅट रंगावर मात्र वॅक्स आणि पॉलिश दोन्ही वर्ज्य.

पाणी कमी असेल तर

रिन्सलेस वॉशनं, म्हणजे नंतर पाण्यानं खळबळावं न लागणाऱ्या द्रावणानं, एक-दीड बादलीत काम होतं, पण फक्त हलक्या धुळीसाठी. द्रावण आधी फवारा आणि धूळ भिजू द्या. टॉवेल चार पदरी घडी घाला म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. प्रत्येक बाजू एकदाच वापरायची. चिखलानं माखलेल्या गाडीवर हा प्रयोग नको.

फडके

मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, सुताचे तंतू त्यात अडकतात. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्यामुळे धाग्यांवर थर बसून पाणी शोषलं जात नाही. ब्लीच आणि कडक उष्णताही नको. नव्या टॉवेलचं शिवलेलं लेबल आधी कापून टाका, त्याची कडा टोचते. हाताला खरखरीत लागू लागलेला टॉवेल चाकांच्या कामाला लावा. एकदा चाकांना लावला की तो पुन्हा बॉडीवर आणायचा नाही.